वाचक विचारतात: क्वार्टरबॅकचा तो आकडा नेमकं काय मोजतो?

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं, अमेरिकन फुटबॉलमध्ये नुसतं पासर रेटिंग (पास टाकण्याच्या कामगिरीचा आकडा) बघून क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, चांगला की वाईट ते ठरवू नका, आणि त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. काही पत्रं रागावलेली आहेत, काहींमध्ये वहीभर गणितं आहेत, आणि मला दोन्ही आवडली.

प्रश्न: मी तीन सीझन झाले एनएफएल, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग, बघतोय. स्क्रीनवर "रेटिंग १५८.३, परफेक्ट" असं येतं तेव्हा काही कळतच नाही. परफेक्ट म्हणजे १०० हवं ना? हा १५८.३ कुठून आला?

हा प्रश्न तुम्हाला एकट्यालाच पडलेला नाहीये, अमेरिकेत लहानपणापासून फुटबॉल बघणाऱ्यांनाही याचं उत्तर पटकन देता येत नाही. गोष्ट अशी आहे की १९७१ मध्ये एनएफएलचे कमिशनर पीट रोझेल यांनी सांगितलं की पास टाकणाऱ्यांची तुलना करायला एक नीट पद्धत बनवा. त्याच्या आधीची पद्धत फार विचित्र होती, प्रत्येक प्रकारात सगळ्यांचे नंबर लावायचे आणि ते नंबर एकत्र करायचे, म्हणजे तुम्ही कितीही चांगले खेळा, तुमची जागा बाकीचे कसे खेळले त्यावर ठरणार, आणि १९५५ चा खेळाडू १९६५ च्या खेळाडूशी लावून बघायची सोयच नाही. मग प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमचे डॉन स्मिथ आणि त्यांच्यासोबत आणखी दोघं बसले आणि १९७३ पासून नवीन सूत्र लागू झालं, तेच आजही चालू आहे.

यात चार गोष्टी धरतात आणि चारही "दर पासमागे" मोजतात: किती टक्के पास पकडले गेले (कम्प्लिशन), किती यार्ड मिळाले, किती टचडाउन झाले (बॉल समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेला), किती इंटरसेप्शन झाले (पास समोरच्या टीमने पकडला). त्या काळच्या साधारण कामगिरीला प्रत्येक गोष्टीत १ गुण मिळावा असं ठरवलं. ती साधारण कामगिरी म्हणजे ५० टक्के कम्प्लिशन, पासमागे ७ यार्ड, ५ टक्के टचडाउन आणि ५.५ टक्के इंटरसेप्शन. चारही ठिकाणी १ आला की बेरीज ४, तिला ६ ने भागा, १०० ने गुणा, ६६.७ येतात. म्हणजे मुळात ६६.७ हा सरासरी माणूस होता आणि १०० म्हणजे फारच भारी, कारण १०० साठी चारही ठिकाणी सरासरी दीड गुण लागतात, उदाहरणार्थ ६० टक्के कम्प्लिशन, पासमागे ९ यार्ड, साडेसात टक्के टचडाउन आणि फक्त साडेतीन टक्के इंटरसेप्शन.

आता १५८.३ बघा. इंटरसेप्शनचे गुण काढायला २.३७५ मधून वजाबाकी करतात, आणि इंटरसेप्शन शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, म्हणून तिथे जास्तीत जास्त २.३७५ मिळतात. मग तोच वरचा दगड, म्हणजे कमाल मर्यादा, बाकी तिघांनाही लावला, म्हणजे चार गुणिले २.३७५, ९.५, भागिले ६, गुणिले १००. झाले १५८.३. परफेक्शनची कल्पना करून कोणी तो आकडा निवडला नाही, गणित करता करता तो निघाला एवढंच.

आणि हा दगड लागला की वरचं काही दिसत नाही. ३ नोव्हेंबर २०१३ ला फिलाडेल्फिया ईगल्सच्या निक फोल्सने रेडर्सविरुद्ध २८ पैकी २२ पास पूर्ण केले, ४०६ यार्ड, ७ टचडाउन. रेटिंग १५८.३. मग १० नोव्हेंबर २०१९ ला बॉल्टिमोर रेव्हन्सच्या लमार जॅक्सनने बेंगल्सविरुद्ध १७ पैकी १५ पास, २२३ यार्ड आणि ३ टचडाउन केले. रेटिंग तेच, १५८.३. दोन्ही दिवस सुंदर होते पण ते सारखे नव्हते, आणि जॅक्सनने त्याच मॅचमध्ये गिरकी घेऊन ४७ यार्ड पळत जो टचडाउन केला, ज्याचा व्हिडिओ लोक अजून बघतात, तो या आकड्यात अजिबात नाहीये कारण पळणं यात धरतच नाहीत! त्या सीझनला त्याने पळून १,२०६ यार्ड काढले आणि पासर रेटिंगला त्यातला एकही यार्ड माहीत नाही. म्हणूनच मी नेहमी म्हणतो की याला "पासर रेटिंग"च म्हणा, "क्वार्टरबॅक रेटिंग" म्हणू नका, नाव चुकलं की अर्थही चुकतो.

खालच्या टोकाची गंमत पण सांगतो. समजा क्वार्टरबॅकने प्रत्येक वेळी बॉल सरळ जमिनीवर आपटला, एकही पास पूर्ण नाही, तर पहिले तीन गुण शून्य पण इंटरसेप्शन नाही म्हणून चौथ्याचे पूर्ण २.३७५. रेटिंग येतं ३९.६. आणि १५ नोव्हेंबर २०१५ ला पेटन मॅनिंगने, पायाचं दुखणं घेऊन खेळत असताना, कॅन्सस सिटीविरुद्ध २० पैकी ५ पास, ३५ यार्ड, ४ इंटरसेप्शन दिले, रेटिंग ०.०. त्याच मॅचमध्ये त्याने ब्रेट फार्वचा करिअर पासिंग यार्डांचा रेकॉर्ड मोडला, आणि त्याच सीझनच्या शेवटी त्याच्या ब्रॉन्कोज टीमने सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकली. एका मॅचचा आकडा किती मनावर घ्यायचा ते यावरून बघा.

प्रश्न: तुम्ही पासर रेटिंगवर टीका करता पण कारण देत नाही. सर्वात चांगला सीझन ॲरन रॉजर्सचा २०११ चा, रेटिंग १२२.५, रेकॉर्ड आहे. यात वाद कुठे आहे?

वाद आहे, आणि मला तो फार जवळचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या सूत्रात कशाला किती वजन आहे ते वरून दिसत नाही, पण सगळं यार्डांत बदलून बघितलं की उघडं पडतं. एक टचडाउन म्हणजे ८० यार्डांचा बोनस. एक इंटरसेप्शन म्हणजे १०० यार्डांचा दंड. आणि प्रत्येक पूर्ण झालेल्या पासला २० यार्डांचा बोनस, नुसता पकडला गेला म्हणून! यावर थोडा वेळ थांबा. प्ले सुरू होतो त्या लाइनच्या मागेच छोटासा पास (स्क्रीन पास) दिला, रिसीव्हरला तिथेच पाडलं, टीमचे ३ यार्ड गेले, तरी रेटिंगच्या दृष्टीने हा पास अपूर्ण पासपेक्षा १७ यार्डांनी चांगला. टीमसाठी मात्र तो अपूर्ण पासपेक्षा वाईट आहे.

आणि सॅक, म्हणजे पास टाकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं? सॅक यात नाहीच. म्हणजे बचाव अंगावर येतोय, क्वार्टरबॅककडे दोन रस्ते आहेत, बॉल बाहेर फेकून द्यायचा किंवा हातात धरून पडायचं. फेकला तर टीमचं नुकसान कमी, पण त्याच्या नावावर एक अपूर्ण पास लागून रेटिंग घसरतं. धरून पडला तर टीमचे सात-आठ यार्ड गेले पण रेटिंगला ओरखडा नाही. मोजमाप असं असेल की चुकीच्या निर्णयाला माफी आणि बरोबर निर्णयाला दंड, तर त्या मोजमापात दोष आहे हे म्हणायलाच पाहिजे.

यावर लोकांनी फार पूर्वी काम केलं. बॉब कॅरोल, पीट पामर आणि जॉन थॉर्न या तिघांनी १९८८ मध्ये दाखवलं की इंटरसेप्शनचा खरा तोटा साधारण ४५ यार्डांएवढा आहे, १०० नाही. त्याच विचारातून पुढे जे माप रूढ झालं त्याला लोक एएनवायए म्हणतात, मराठीत सांगायचं तर सगळं धरून पासमागे निव्वळ यार्ड. पासचे यार्ड घ्या, प्रत्येक टचडाउनला २० मिळवा, प्रत्येक इंटरसेप्शनला ४५ वजा करा, सॅकमध्ये गेलेले यार्ड वजा करा, आणि भागा पास अधिक सॅक यांनी. कम्प्लिशनला वेगळा बोनस नाही, कारण यार्ड मिळाले तेव्हाच त्याची किंमत मोजली गेली.

आता रॉजर्स २०११: ५०२ पास, ४,६४३ यार्ड, ४५ टचडाउन, ६ इंटरसेप्शन, ३६ सॅक आणि त्यात २१९ यार्ड गेले. येतात ९.३९. आणि त्याच्या शेजारी पेटन मॅनिंग २००४, इंडियानापोलिस कोल्ट्स: ४९७ पास, ४,५५७ यार्ड, ४९ टचडाउन, १० इंटरसेप्शन, पण सॅक फक्त १३ आणि १०१ यार्ड. येतात ९.७८. पासर रेटिंगमध्ये रॉजर्स १२२.५ आणि मॅनिंग १२१.१, इकडे क्रम उलटा! मॅनिंगची चार इंटरसेप्शन जास्त होती ती पासर रेटिंगने प्रत्येकी १०० यार्डांनी मोजली, आणि रॉजर्सचे तेवीस सॅक जास्त होते ते मोजलेच नाहीत.

मी स्वतः मॅनिंगचा २००४ वर ठेवतो. सॅक होणं हे फक्त ऑफेन्सिव्ह लाइनचं, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून बचाव अडवणाऱ्यांचं, पाप नाही, बॉल किती लवकर सोडायचा हे क्वार्टरबॅक ठरवतो, आणि मॅनिंगसारखं बचाव वाचून वेळेत बॉल सोडणारं त्या काळात कोणी नव्हतं. तुम्हाला रॉजर्स आवडत असेल तर जरूर भांडा, पण सॅकचा हिशोब घेऊन भांडा.

प्रश्न: माझे सासरे जुन्या काळच्या 'जो नेमथ' या क्वार्टरबॅकचे भक्त आहेत. मी बघितलं तर त्याचं करिअर रेटिंग ६५.५, आजच्या कुठल्याही बदली क्वार्टरबॅकपेक्षा कमी. त्यांना कसं सांगू?

त्यांना सांगू नका, आधी तुम्ही ऐका. नेमथचे करिअरमध्ये १७३ टचडाउन आणि २२० इंटरसेप्शन आहेत, आज असा खेळाडू टिकणारच नाही हे खरं. पण त्या काळची सरासरीच ६६.७ च्या आसपास धरली होती ते वर सांगितलंय, म्हणजे तो त्याच्या काळातल्या साधारण रेषेवर उभा आहे, आणि ते सुद्धा लांब लांब पास टाकून, ज्यात बॉल जास्त वेळा चुकणार. १९६७ मध्ये ४,००७ यार्ड काढून एका सीझनमध्ये चार हजार ओलांडणारा तो पहिला. तिसऱ्या सुपर बोलमध्ये, जानेवारी १९६९ ला, त्याने २८ पैकी १७ पास पूर्ण केले, २०६ यार्ड, टचडाउन एकही नाही, इंटरसेप्शनही नाही. रेटिंग ८३.३, जे आज अगदी सामान्य वाटेल, आणि त्या दिवशी तो एमव्हीपी, म्हणजे मॅचचा सर्वोत्तम खेळाडू, ठरला.

मधल्या काळात खेळच बदलला. १९७८ मध्ये नियम बदलले, रिसीव्हरला पाच यार्डांनंतर धक्काबुक्की करायला बंदी आली, ब्लॉक करणाऱ्यांना हात पसरून उघड्या पंजाने अडवायची मुभा मिळाली, पास टाकणं सोपं झालं. छोटे, नेमके पास टाकायची पद्धत पसरली. आज लीगची सरासरीच नव्वदीच्या आसपास असते, इंटरसेप्शन अडीच टक्क्यांच्याही खाली आलीत, पण सूत्र अजून १९७३ चंच. माप तेच ठेवलं आणि मोजायची वस्तू वाढत गेली. म्हणून दोन काळांची तुलना करायची तर त्या त्या वर्षीच्या सरासरीच्या किती वर किंवा खाली एवढंच बघा. सासऱ्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे.

प्रश्न: ईएसपीएनवर क्यूबीआर दिसतो तो आणि हे रेटिंग एकच का? आणि "ईपीए" म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगाल का?

एकच नाहीत. क्यूबीआर २०११ मध्ये आला, ० ते १०० मध्ये, आणि ५० म्हणजे सरासरी. त्यात पळणं, सॅक, फंबल (हातातून बॉल सुटणं), पेनल्टी सगळं येतं, समोरची टीम किती तगडी ते बघतात, आणि मॅच हातातून गेल्यावर काढलेल्या यार्डांना कमी किंमत देतात. माझी तक्रार एकच, याचं पूर्ण गणित लोकांसमोर नाहीये. पासर रेटिंगमध्ये शंभर दोष असतील पण तुम्ही पेन्सिल घेऊन बसलात तर दोन मिनिटांत स्वतः काढू शकता, आणि मोजमाप तपासता येणं ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे.

ईपीए समजायला आधी हे समजा की यार्ड आणि यार्ड सारखे नसतात. टीमला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न, मिळतात आणि त्यांत १० यार्ड पुढे जायचं असतं. समजा तिसरा डाउन आहे, १० यार्ड हवेत, क्वार्टरबॅकने ८ यार्डांचा पास पूर्ण केला. रेटिंग खूश. टीम मात्र पंट करणार (लाथेने बॉल लांब मारणार), बॉल समोरच्याला जाणार, म्हणजे हा प्ले फसला. आता तिसरा डाउन, १ यार्ड हवाय, पास गेला २ यार्डांचा. रेटिंगला हा पास आधीच्यापेक्षा हलका वाटतो, पण टीमला नवीन चार डाउन मिळाले. ईपीए काय करतं, मैदानावर बॉल कुठे आहे, कितवा डाउन आहे, किती यार्ड हवेत यावरून हजारो जुन्या प्लेंच्या आधारे काढतं की इथून टीमला सरासरी किती पॉइंट मिळतील, आणि प्ले झाल्यावर परत काढतं. दोन्हीतला फरक म्हणजे त्या प्लेची किंमत. पहिला पास उणे, दुसरा अधिक.

या कल्पनेची मुळं कुठे आहेत ते वाचून मला अजूनही आनंद होतो. १९७१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी रोझेल यांनी पासर रेटिंगचं काम सांगितलं त्याच वर्षी, मैदानाच्या कुठल्या जागेवर बॉल असेल तर त्याची किंमत किती पॉइंट, हे काढणारा शोधनिबंध छापून आला. लिहिणारे दोघं, रॉबर्ट मॅकॉल आणि व्हर्जिल कार्टर. आणि कार्टर कोण, तर तेव्हा सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक! त्याचा हात फार ताकदवान नव्हता म्हणून तिथला सहायक कोच बिल वॉल्शने त्याच्यासाठी छोट्या नेमक्या पासांची पद्धत बसवली, जी पुढे वेस्ट कोस्ट ऑफेन्स म्हणून सगळीकडे गेली आणि कम्प्लिशनची टक्केवारी वाढवणाऱ्या मोठ्या कारणांपैकी एक ठरली. म्हणजे जुन्या मापाला फुगवणारी पद्धत आणि नव्या मापाचं बीज, दोन्हीच्या मुळाशी एकच माणूस आहे.

ईपीएची मर्यादा पण सांगतो. रिसीव्हरने छोटा पास पकडून साठ यार्ड पळ काढला तर ते सगळं क्वार्टरबॅकच्या खात्यावर जातं. त्यासाठी सीपीओई, म्हणजे अपेक्षेपेक्षा किती टक्के जास्त पास पूर्ण झाले ते, सोबत बघा. खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये चिप्स असतात, त्यावरून रिसीव्हर किती मोकळा होता, पास किती लांब होता, अंगावर कोण येत होतं ते कळतं, मग असा पास साधारण किती टक्के वेळा पूर्ण होतो ते काढतात आणि प्रत्यक्ष टक्केवारीशी लावून बघतात. सोपे पास टाकून टक्केवारी वाढवणारा इथे लगेच दिसतो. मला एका क्वार्टरबॅकबद्दल दोनच आकडे बघायला दिले तर मी हेच दोन मागेन.

प्रश्न: कॉलेज फुटबॉलमध्ये रेटिंग १८०, १९० कसं येतं? कमाल तर १५८.३ आहे ना?

सूत्र वेगळं आहे. तिथे ८.४ गुणिले यार्ड, अधिक ३३० गुणिले टचडाउन, अधिक १०० गुणिले कम्प्लिशन, वजा २०० गुणिले इंटरसेप्शन, आणि भागिले पास. वरचा दगड नाहीच. दोन्ही रेटिंग शेजारी ठेवून तुलना करू नका.

प्रश्न: आम्ही अमेरिकेत असतो, मुलगा हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅक आहे. परवा मॅचमध्ये २५ पैकी १२ पास, १४० यार्ड, १ टचडाउन, २ इंटरसेप्शन, ४ सॅक. कोचने रेटिंग ४५ सांगितलं आणि तेव्हापासून तो धड जेवत पण नाहीये. त्यातलं एक इंटरसेप्शन रिसीव्हरच्या दोन्ही हातांतून उडून गेलेलं होतं. त्याला काय सांगू?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून कोचने एनएफएलचं सूत्र वापरलंय, ४५.४ येतात, हिशोब बरोबर आहे. आता तो हातातून उडालेला बॉल नुसता खाली पडला असता असं धरा, बाकी काही बदलू नका, इंटरसेप्शन दोनाचं एक करा. रेटिंग होतं ६२.१. दुसऱ्याच्या हातून निसटलेल्या एका बॉलने जवळजवळ १७ गुण गेले, कारण एका मॅचमध्ये पासच पंचवीस, प्रत्येकाचं वजन फार. त्याच्यासमोर बसून हे गणित त्यालाच करायला लावा, तुम्ही सांगून जे पटणार नाही ते स्वतः करून पटेल.

पण तेवढ्यावर सोडू नका, कारण चार सॅक आहेत आणि ते त्या ४५ मध्ये नाहीयेत. मॅचचा व्हिडिओ असेल तर दोघं मिळून बघा आणि एका वहीत प्रत्येक पासची एक ओळ लिहा: कितवा डाउन, किती यार्ड हवे होते, रिसीव्हर मोकळा होता का, बॉल हातात बसला होता का, अंगावर कोणी आलं होतं का. सॅकच्या चार ओळी पण लिहा आणि तिथे एकच गोष्ट बघा, बॉल सोडायला जागा आणि वेळ होता का. होता असेल तर पुढच्या आठवड्याचा सराव कशाचा ते कळलं, नसेल तर ती वही तशीच कोचला दाखवू दे त्याला. आणि दुसरं इंटरसेप्शन कसं झालं ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, त्याच्या ओळीपासून सुरुवात करा.